बॅटरीच गेलीय

न्यू जर्सीपासून टेक्सासपर्यंत, जिथे जिथे मराठी माणसाने अर्धा-पाऊण एकर गवतासकट घर घेतलंय, तिथे एक नाना असतातच. शनिवारी सकाळी कुणाचा रायडिंग मोअर किल्ली फिरवल्यावर नुसता 'टक' करून गप्प बसला, की नाना रस्त्यापलीकडूनच निदान करून मोकळे: "बॅटरीच गेलीय." सीट वर करून बॅटरीचं तोंड बघायचं ते निदानानंतर. आता, नाना अडाणी आहेत म्हणून चुकतात, असा सार्वत्रिक समज आहे. तो मला पटत नाही. नाना चुकतात ते त्यांना सतत यश येतं म्हणून. नवी बॅटरी दुकानातून बहुधा चार्ज होऊनच येते. बसवली की मोअर चार-दोन शनिवार पहिल्या किल्लीला उठतो आणि तेवढ्यात नानांचे पोहे-चहा होऊन जातात. पुढे पुन्हा 'टक' झालं की नाना म्हणणार, "हल्लीच्या बॅटऱ्यांत दमच नाही. गेलीय." नळाला पाणी येतंय का ते न बघता टाक्या बदलत राहण्याचा हा प्रकार. जुनी बॅटरी परत केल्यावर दुकानातून मिळणारी अनामत मात्र नाना न चुकता वसूल करून देतात.

यावर कुणी म्हणेल, पण बऱ्याचदा खरोखर बॅटरीच गेलेली असते की! असते. हिवाळाभर गॅरेजात चार्जविना पडून राहिली तर लेड-ॲसिड बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट साचणारच. पण ते ठरवायला मीटर आहे. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन सुरू करून थ्रॉटलची दांडी सशाच्या चित्राशी नेली, की आकडा १३.५ ते १४.५च्या दरम्यान चढायला हवा. न चढल्यास आधी फ्यूज, मग फ्लायव्हीलखालच्या स्टेटरमधून येणाऱ्या वायरींवर एसी व्होल्टेज. तिथे इंजिनाच्या मॉडेलप्रमाणे हवं तेवढं येत असेल तर संशय रेग्युलेटरवर. आणि त्यालाही लगेच फासावर चढवू नये. बऱ्याच इंजिनांत त्याचं अर्थिंग त्याच्याच बोल्टांतून होतं, आणि तिथे गंज धरला की चांगला रेग्युलेटरही मुका होतो. नानांची चाचणी वेगळी: चालत्या इंजिनाची बॅटरीची वायर काढायची, इंजिन चालू राहिलं तर "चार्जिंग झकास, बॅटरीच गेलीय." पण मोअरच्या इंजिनाला ठिणगी बहुधा मॅग्नेटो देतो, बॅटरी नव्हे, तेव्हा ते चालू राहिलं म्हणून काहीच सिद्ध होत नाही. उलट या उद्योगात धडधाकट रेग्युलेटर जळू शकतो. शिवाय पेट्रोल वाचावं म्हणून कासवाच्या चित्रावर गवत कापायचा सल्लाही त्यांचाच. त्या वेगाला स्टेटर पुरेसं देत नाही, पात्यांचा इलेक्ट्रिक क्लच मात्र आपला वाटा खातच राहतो. म्हणजे काही बॅटऱ्या नाना म्हणतात तशा खरंच जातात. घालवतात नानाच.

मग एवढं असताना नानांना बोलवावं कशाला, मीटर लावायचा व्हिडिओ बघावा, हा आक्षेप तर्काला धरून आहे. व्हिडिओतला माणूस नानांपेक्षा बरोबरही असतो. फक्त तो जम्पर केबल घेऊन येत नाही, सैल टर्मिनल आवळताना हात काळे करून घेत नाही, आणि "मुलाचा फोन आला होता का?" असं विचारत नाही. स्वतःचं घर विकून, गवत सोसायटीचा माणूस कापतो अशा फ्लॅटमध्ये गेलेल्या नानांच्याही डिकीत त्या केबल अजून असतात. त्यांना बोलावणारे मात्र कमी होत चाललेत, कारण आता भिंतीतल्या प्लगवर चार्ज होणारे लिथियमचे मोअर आलेत. त्यांत स्टेटर नाही, मॅग्नेटो नाही, कासवाचं पेट्रोल नाही. असा एखादा बंद पडला, तर नानांचं निदान बरोबर येण्याची शक्यता बरीच आहे.