दहा मात्रांचं भरीत

‘तुम्हाला गाणं सुचतं कसं?’ असं मुलाखतकाराने विचारलं की मी आधी चष्मा काढतो. चष्मा काढला की समोरचं नीट दिसत नाही, त्यामुळे नजर आपोआप शून्यात लागते आणि फोटो चांगले येतात. मग जरा थांबून मी म्हणतो, ‘मी गाणं लिहीत नाही. ते येतं. मी फक्त दार उघडतो.’ हे वाक्य टीव्हीवर लागलं तेव्हा घरातले सगळे बघत बसले होते. ‘दार मी उघडते,’ बायको म्हणाली. ‘बेल वाजून वाजून थकली तरी तुम्ही उठत नाही.’

माझ्या नावावर काही मालिकांची शीर्षकगीतं आहेत, गणेशमंडळांची गाणी आहेत, एका मसाल्याची जिंगल आहे आणि एका आमदारांच्या वाढदिवसाचं स्फूर्तिगीत आहे. तेच स्फूर्तिगीत पुढे त्यांच्या विरोधकांनाही दिलं. नावाच्या मात्रा जुळत होत्या. एवढ्या पुंजीवर माणसाने नम्र राहायला हरकत नाही. पण आमच्या धंद्यात पूर्वज फार मोठे होऊन गेले, आणि पूर्वज मोठे असले की वंशजांना उगाचच ताठ चालायची सवय लागते.

गदिमांचंच बघा. ‘गीतरामायण’ 1955च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर सुरू झालं आणि आठवड्याला एक अशा हिशेबाने 56 गाणी झाली. पहिल्याच गाण्याचा कागद ऐन वेळी हरवला, तेव्हा गदिमांना खोलीत कोंडलं आणि त्यांनी गाणं पुन्हा लिहून दिलं, अशी आठवण सांगतात. ती ऐकून मीही एका रविवारी बायकोला बाहेरून कडी लावायला सांगितली. तिने ती फारच उत्साहाने लावली. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा माझ्या गालावर उशीच्या अभ्र्याची नक्षी उमटली होती आणि कागद मात्र कोरा होता. पी. सावळाराम ठाण्याचे नगराध्यक्ष झाले आणि तरीही लोक त्यांना ओळखतात ते गाण्यांमुळे. मी सोसायटीचा सेक्रेटरी झालो, तर वर्षभर पाण्याच्या टाकीखेरीज काही सुचलं नाही.

माझं गाणं येतं ते व्हॉट्सअॅपवर. हल्ली आधी चाल, मागाहून शब्द. आमचा संगीतकार वयाने माझ्या पुतण्याएवढा. एरवी मला ‘सर’ म्हणतो, पैशाचा विषय निघाला की ‘दादा’. तो रात्री उशिरा व्हॉइस नोट पाठवतो. त्यात पेटी असते, मागे पंखा असतो आणि चाल कळावी म्हणून तोंडाला येतील ते डमी शब्द असतात. आता जरा या डमी शब्दांविषयी बोलतो, कारण याविषयी माझ्याशी घरात कुणी बोलत नाही.

डमी शब्दांना अर्थ नसावा असा संकेत आहे. पण संगीतकार जेवायच्या आधी चाल बांधतो, तिथे सगळा घोळ होतो. मागे त्याने एका विरहगीताची चाल पाठवली. नायिका खिडकीत उभी, बाहेर पाऊस, आणि मुखड्याला शब्द ‘वांग्याचं भरीत’. त्यातल्या ‘री’वर त्याने अशी मींड घेतली होती की वांगं निखाऱ्यावरून उतरवायला कुणीतरी धावावं. मी बँकेच्या रांगेत बोटांच्या पेरांवर मात्रा मोजायला लागलो. वां दोन, ग्या दोन, चं दोन, भ एक, री दोन, त एक; एकूण दहा. पुढच्या आजोबांना वाटलं मी जप करतोय. त्यांनी मला पुढे जाऊ दिलं.

‘तुझ्या आठवणी’ टाकून पाहिलं, नऊच भरल्या. मग ‘तुझिया आठवणी’ केलं. ‘तुझ्या’चं ‘तुझिया’ करणं ही आमच्याकडची जुनी हातचलाखी. एक मात्रा वाढते आणि वर प्राचीन असल्याचा मान मिळतो. दहा झाल्या, पण मींड जिथे होती तिथे नेमका ‘व’ आला, आणि ‘व’वर मींड घेतली की नायिकेला विरह झाल्यासारखं वाटत नाही, ठसका लागल्यासारखं वाटतं. पुढे कितीतरी रात्री मी घरात ‘वांग्याचं भरीत’ आळवत फिरत होतो. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी एके दिवशी डब्यातून खरंच भरीत पाठवलं. वर निरोप दिला, ‘भावोजींना सांगा, मागायला लाजू नका.’

शेवटी एकदा ते जमलं. ‘ओलेत्या दिठीत.’ दहाच्या दहा मात्रा, लघू-गुरूसुद्धा जागच्या जागी, आणि वर भरीतशी यमक. मी अपरात्री बायकोला उठवून म्हणून दाखवलं. ती म्हणाली, ‘छान आहे, पण कांदा कमी वाटतो.’ संगीतकाराचा निरोप आला, ‘सर, कडक! पण भरीतचा फील येत नाहीये.’ निर्मात्यांनी विचारलं, ‘ही दिठी कोण?’

मनाच्या समाधानासाठी मी मग थोरामोठ्यांकडे वळलो. पॉल मॅकार्टनीला ‘यस्टरडे’ची चाल म्हणे झोपेत सुचली. ती आपलीच की कुठे ऐकलेली, हे तो भेटेल त्याला विचारत हिंडला. शब्द सुचेपर्यंत चालीवर डमी घातली होती ‘स्क्रॅम्बल्ड एग्ज’ची, म्हणजे आपल्या भुर्जीच्या गोऱ्या मावसबहिणीची. 1965 साली गाणं बाहेर आलं तेव्हा त्यात अंड्याचं टरफलसुद्धा उरलं नव्हतं. मलाही झोपेत चाली सुचतात. सकाळी गुणगुणलो की बायको मूळ गाणं सांगते, संगीतकाराच्या नावासकट.

पण मॅकार्टनीच्या अंड्यांनी माझं एक काम केलं. ‘ओलेत्या दिठीत’ मला चांदण्याने दिलं नव्हतं, पावसाने नाही, कुठल्या जुन्या प्रेमाने तर नाहीच. ते त्या ‘री’ने दिलं. मोकळ्या आकाशाखाली मला बसवा, मी डास मारीन. दीड मात्रेच्या फटीत कोंबा, काहीतरी निघेल. हे मुलाखतीत सांगता येत नाही, कारण त्याला चष्मा काढावा लागत नाही.

एक गोष्ट मात्र खुपते, आणि तिथे मला विनोद सुचत नाही. मोबाइलवर गाणं वाजतं तेव्हा गायकाचा फोटो येतो, कंपनीचं बोधचिन्ह येतं, शब्द कुणाचे ते शोधत बसावं लागतं. 2012 साली कॉपीराइट कायदा बदलला, गीतकाराला रॉयल्टीत वाटा मिळण्याचा हक्क आला. करारावर सही करूनही तो सोडून देता येत नाही. बरंच झालं. पण मध्यंतरी रिक्षात माझंच गाणं लागलं होतं. न राहवून म्हणालो, ‘हे माझं.’ रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. ‘तुम्ही गायलंय?’ म्हटलं, ‘नाही, शब्द माझे.’ ‘असं होय,’ तो म्हणाला, ‘नुसते शब्द.’ मीटरपेक्षा ते ‘नुसते’ महाग पडलं.

माझी आत्या जात्यावर ओव्या म्हणायची. जुन्या म्हणताम्हणता मध्येच स्वतःची जोडायची. त्यात भाऊ यायचा, पंढरी यायची, आणि सासूचं नाव न घेता सासूही यायची. जात्याचा फेरा जेवढा, तेवढी ओळ. मी एकदा विचारलं, ‘ही कुणी रचली?’ तिला प्रश्नच कळला नाही. ‘रचायची कशाला? दळताना येते. दळण संपलं की जाते.’ ती गेली आणि तिच्या ओव्याही गेल्या. कुणी लिहून घेतल्या नाहीत. घरात लिहिणारा मीच होतो, आणि मी तेव्हा चंद्रावर कविता करत होतो.

हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी मात्र महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून अशा लाखभर ओव्या गोळा केल्या. आता त्या ‘पारी’ या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. मी ऐकत बसलो आणि थबकलो, कारण तिथे ओवीसोबत बाईचं नाव आहे, गाव आहे, तालुकासुद्धा आहे. ज्यांनी आयुष्यात कधी ‘हे माझं’ म्हटलं नाही, त्यांची नावं कुणीतरी जपून लिहून ठेवली. मला हेवा वाटला आणि बरंही वाटलं. त्या यादीत आत्याचं नाव नाही, ही रुखरुख या दोन्हींपेक्षा मोठी आहे.

त्या विरहगीताचं काय झालं ते सांगायचं राहिलं. निर्मात्यांनी मालिकाच बदलली. नायिका आता खिडकीत उभी राहत नाही, खानावळ चालवते. संगीतकाराचा फोन आला. ‘दादा,’ तो म्हणाला, तेव्हाच मला धोका कळला. ‘चॅनेलला डमीच आवडलंय. भरीतच ठेवतोय. गीतकार म्हणून नाव तुमचंच टाकू ना?’ मी शब्दांचं पावित्र्य, कवीची सचोटी आणि मराठी भावगीताची परंपरा यांवर त्याला चांगलंच सुनावलं. मग आडनावातला ‘ळ’ हल्ली फार जणांकडून चुकतो, म्हणून तो नीट लिहून पाठवला.