नावानं सापडतं का?

जुनी कागदपत्रं ‘ऑनलाइन’ झाली, अशी बातमी अधूनमधून येतेच. कागदाचा फोटो काढला, संगणकात टाकला, काम फत्ते. आता त्यात पणजोबांचं नाव टाइप करून बघा.

काहीही येत नाही.

येणार कसं? फोटोतलं अक्षर संगणकाला वाचता आलं किंवा कुणी वाचून त्याची सूची केली, तरच शोध लागतो. आणि आपली जुनी दप्तरं मोडी लिपीत. आधी आडवी रेघ ओढायची, मग तिला लटकवत, बोरू फारसा न उचलता लिहीत सुटायचं. दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा फरक नाही. या मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली तीच मुळी 2014 साली.

2023 मध्ये मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलं आणि न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी कुणबी नोंदी शोधायची वेळ आली, तेव्हाची धावपळ आठवतेय? कपाटांतून कोतवाल बुकं, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या, निघाली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत एकच हाक उठली: मोडी वाचणारा आणा! पान न् पान माणसांनी वाचलं. कुठे ‘कुणबी’, कुठे नुसतं ‘कु’. लाखो नोंदी सापडल्या.

म्हणजे कागद होते. वाट नव्हती.

पुण्याच्या पेशवे दप्तरात कोट्यवधी कागद रुमालांत बांधलेले आहेत. गो. स. सरदेसाईंनी 1930च्या दशकात त्यातले निवडक कागद 45 खंडांत छापले. सामान्य वाचकाच्या हाती आजही येतात ते हेच खंड. का? देवनागरीत आहेत म्हणून!

जमिनीचंही तेच. महसूल विभागाच्या ‘आपले अभिलेख’वर जुना फेरफार बघायचा, तर जिल्हा, तालुका, गाव सांगा आणि वर सर्व्हे नंबर द्या. गिरणीत राबायला मुंबईला आलेल्या माणसाच्या नातवाला आजोबांचं नाव ठाऊक असतं, गाव ठाऊक असतं. सर्व्हे नंबर त्यानं कुठून आणायचा?

उपाय अवघड नाही, कष्टाचा आहे. प्रत्येक पानाला देवनागरी सूची हवी: नाव, गाव, साल, विषय. एवढ्यानंही शोध सुरू होतो. मोडी जाणणारी माणसं महाराष्ट्रात आहेत. त्यांना नीट मानधन द्या, कामाला बसवा. आंदोलन पेटल्यावर नव्हे, आत्ता.

आणि तुम्ही? ‘सगळं ऑनलाइन आहे’ असं पुढच्या वेळी कुणी सांगितलं, तर तिथेच थांबा आणि विचारा, नावानं सापडतं का?