दोन पावलं

आमच्या दुकानात घासाघीस चालत नाही. केळ्यांचा नंबर ४०११, कोथिंबिरीचा ४८८९. नंबर दाबला की यंत्र किंमत दाखवतं आणि गिऱ्हाईक मुकाट्याने कार्ड लावतं. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या या सुपरमार्केटात गल्ल्यावर उभं राहून (बसायला खुर्ची नसते) मला सतरा वर्षं झाली. 'शेवटचं किती?' असं आजवर एकानेही विचारलेलं नाही. भाव ठरवायचा तो फक्त एकाच मालाचा, दर तीन-चार वर्षांनी. तो माल म्हणजे आम्ही.

यंदा कराराचं वर्ष. बोलणी दुकानात नाहीत, विमानतळाजवळच्या एका हॉटेलात. एका बाजूला युनियनची माणसं आणि आमच्यातर्फे मटण कापणारा एक धिप्पाड गडी, दुसऱ्या बाजूला कंपनीचे वकील. लग्नाच्या याद्या करायला बसतात ना, तसंच सगळं. कार्यालय, वाजंत्री, जेवणाची पानं पटापट ठरतात आणि विहिणीच्या साडीवर बैठक मोडते. आमच्याकडे ही साडी म्हणजे आरोग्यविमा. पगारावर दोन्हीकडचे खेळीमेळीने भांडतात. विम्याचा हप्ता कोणी किती भरायचा हे निघालं की चहा गार होतो. (तिथे कॉफी असते, पण गार होतेच.)

इकडे आम्ही एप्रनला युनियनचं बटण लावून केळी मोजतो. एक आजीबाई दर बुधवारी येतात. त्यांनी बटण वाचलं, माझा हात हातात घेतला आणि गदगदून म्हणाल्या, "संप करणार असाल तर आधी सांग हं." मी विरघळलेच. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे टॉयलेट पेपर भरून ठेवते."

कंपनीचा पहिला आकडा आला : तासाला ३५ सेंट वाढ. रात्री आईला फोन लावला. तिकडे सकाळ, ती भाजी निवडत होती.

"हसलात ना?" तिने विचारलं.

"कशाला?"

"अगं, पहिला भाव ऐकून हसायचं असतं. मग पिशवी उचलायची आणि दोन पावलं चालायचं. मागून हाक येतेच."

दादरच्या बाजारात आईची ही दोन पावलं मी लहानपणी शेकडो वेळा तिच्याबरोबर चालले आहे. तिसरं पाऊल पडायच्या आत 'ओ ताई' ऐकू यायचं. मग आई परत फिरायची आणि भाव तुटल्यावर वर फुकट कोथिंबीर मागायची. मला भारी लाज वाटायची. आता ४८८९ दाबताना त्या भाजीवालीलाही काहीतरी वाटत असेल, हे उशिरा सुचतं.

मी आईला नुसतं 'बरं' म्हटलं. पुढचं दोघींनाही ठाऊक होतं. १८ जानेवारी १९८२ ला बाबाही अशीच दोन पावलं चालले होते. डॉक्टर दत्ता सामंतांच्या मागे, अडीच लाख गिरणी कामगारांबरोबर. मागून हाक आली नाही. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. म्हणजे हिशोबाने बाबा अजून चालतायत.

इथेही एकदा असं झालंय. शेजारच्या गल्ल्यावरची बाई त्यातली. ऑक्टोबर २००३ मध्ये इथल्या एका साखळीत संप झाला आणि दुसऱ्या दोन साखळ्यांनी आपल्याच माणसांना लगेच बाहेर काढलं. ती 'लॉकआउट' म्हणाली आणि मला लालबागच्या गिरणीच्या फाटकावरचं कुलूप दिसलं. १४१ दिवस गेले. फेब्रुवारीअखेर हाक आली, पण भाव पडलेला होता : जुन्यांना एक पगार, नव्याने लागणाऱ्यांना कमी पगार आणि अपुरा विमा. एकाच गल्ल्यावर दोन भावांची माणसं. ही दोन भावांची पद्धत २००७ च्या करारात बंद झाली. ती बाई थँक्सगिव्हिंगची टर्की अजूनही दुसऱ्याच दुकानातून आणते.

तरी संपाची परवानगी द्यायची का, या मतदानात मी 'हो' वर खूण केली. हात थोडा कापला, खोटं कशाला बोलू? पण पिशवी उचललीच नाही, तर हाक तरी कोणाला मारणार?

पुढच्याच आठवड्यात, मुदत संपायच्या आदल्या रात्री, अडीच वाजता फोनवर निरोप आला : ठरलं. तासाला ९० सेंट, विमा आहे तसा. पहाटेपर्यंत झोप आली नाही, म्हणून आईला फोन केला.

तिने सगळं नीट ऐकून घेतलं. बाबांचा विषय तिनेही काढला नाही, मीही नाही. मग म्हणाली, "वर काही मागितलंत की नाही?"

मागितली होती. गल्ल्यामागे उभं राहायला रबराची जाड चटई. ती मिळाली.