स्कॉटिश आईबापांचा हट्ट

ब्रिटनभरच्या आईबापांच्या सामाईक गप्पांत स्कॉटिश मंडळींना स्वतंत्र कोपरा हवा आहे म्हणे. या फुटीरपणाचा निषेध करावा तेवढा थोडा. मुलं सगळीकडे सारखीच रडतात. मग वेगळं बसायचं कशाला?

फरक तरी केवढासा! इंग्लंडात उन्हाळी सुट्टी जुलैच्या उत्तरार्धात लागते, स्कॉटलंडात जूनअखेरीस. त्यामुळे ऑगस्ट सरता सरता स्कॉटिश पोर वर्गात पाढे म्हणत असतं आणि त्याची आई 'उरलेली सुट्टी मजेत कशी घालवावी' यावरचे मौलिक सल्ले मोठ्या एकोप्याने ऐकत असते. इंग्लंडातली मुलं ए-लेव्हल देतात, स्कॉटलंडातली हायर. 2020पासून स्कॉटलंडात पोटच्या पोराला चापट मारणंही कायद्यात बसत नाही. शाळा वेगळी, परीक्षा वेगळी, कायदा वेगळा. असल्या किरकोळ कारणांवरून कुणी वेगळी चूल मांडतं का?

उलट एकोपा आणखी घट्ट करावा. मूल फारच हट्टाला पेटलं, तर त्याला गाडीत घालून सीमेपलीकडच्या बेरिकला न्यावं; इंग्लंडात आईबापांना 'वाजवी शिक्षे'ची सवलत अजून शाबूत आहे. पेट्रोलचा खर्च राष्ट्रीय ऐक्याच्या खाती टाकावा.

आणि इंग्लंडच्या पालकांचा आदर्श घ्यावा. त्यांनी कधी स्वतःसाठी कोपरा मागितला? बिचारे अख्ख्या घरात भागवतात.

सबब, स्कॉटिश पालकांचा अर्ज फेटाळण्यात येत आहे. वेल्सचा अर्ज उघडलेलाच नाही.