शाओलिनचा शेजारी

चीनच्या हनान प्रांतातल्या डेंगफंगमध्ये टॅक्सीवाल्याला काहीही सांगा, तो शाओलिनच ऐकतो. १९८२ साली जेट लीचा ‘शाओलिन टेंपल’ हा सिनेमा गाजला आणि या भागात कुंग-फूच्या शाळांचं पीक आलं. टूरवाल्या मराठी मंडळींचाही बेत ठरलेला असतो: उड्या बघायच्या, मूठ आवळून फोटो काढायचा, जेवायला पळायचं.

अशाच एका ग्रुपमधल्या काकांना मात्र सोंगयुए मठाचा पॅगोडा बघायचा होता.

“अहो, शो चुकेल!” काकू म्हणाल्या. तरीही त्या निघाल्या, कारण डब्यातले पराठे काकांच्या पिशवीत होते. टॅक्सीवाल्याला मोबाइलवर पॅगोडाचा फोटो दाखवला. त्याने मान डोलावली आणि गाडी शाओलिनच्या रस्त्याला घातली. दोनदा वळवून घ्यावी लागली.

पॅगोडा दिसला आणि काकूंच्या तोंडून निघालं, “अगंबाई, मक्याचं कणीस!” उपमा चपखल आहे. मधे फुगीर, वर निमुळता, एकावर एक पंधरा छपरं. सुमारे ५२३ सालचा, उत्तर वेई राजवटीतला. चीनमध्ये टिकून राहिलेला विटांचा सर्वांत जुना पॅगोडा. उंची जेमतेम चाळीस मीटर, भिंती अडीच मीटर जाड आणि विटा सांधल्यात त्या नुसत्या मातीच्या गाऱ्याने. दर पावसाळ्याआधी वॉटरप्रूफिंगसाठी वर्गणी काढणाऱ्या सोसायटीच्या सेक्रेटरींना इथे जरूर आणावं. २०१० मध्ये युनेस्कोने शाओलिन आणि हा पॅगोडा एकाच यादीत बसवले. बसगाड्यांपर्यंत ती बातमी अजून पोचलेली नसावी.

फोटो काढणं हे मात्र दिव्यच. काका मागे सरकत गेले, भिंतीला टेकले, उकिडवे बसले, शेवटी चक्क आडवे झाले. तरी शेंडा बाहेरच. त्यात पॅगोडाला बाजू बारा, आणि असा बाराबाजूंचा जुना पॅगोडा चीनमध्ये दुसरा नाही. काकांनी प्रदक्षिणा घालून सगळ्या बाजू टिपल्या. मग कुठली कुठली हे त्यांनाच उमगेना. चार दिशांना दारं आहेत, एवढीच काय ती खूण.

काकू तोवर एका कोनाड्यापाशी रेंगाळल्या होत्या. खाली विटांत कोरलेले दोन सिंह शेजारी शेजारी, झिजलेले पण अजून रुबाबात. वर कमान.

“अहो, ही आपल्या कार्ल्याची कमान!”

दर वर्षी एकवीरेला जाणाऱ्या बाईंची नजर ती! कलेतिहासाचे अभ्यासकही या कमानींत आणि खांबांवरच्या कमळांत भारतीय वळण पाहतात. फरक इतकाच, की त्यांना त्यासाठी ग्रंथ लिहावे लागले.

मग काकांनी काकूंना पॅगोडापुढे उभं केलं. फोटोत पंधराच्या पंधरा छपरं आली, काकू हनुवटीपासून खाली गेल्या. त्यावरून परतीच्या वाटेवर जे संभाषण झालं, ते मराठीचा गंध नसलेल्या टॅक्सीवाल्यालाही शब्दन् शब्द कळलं.