सायकल टपावर
भीमाशंकरच्या जंगलात सायकल मारायची आणि तंबूत झोपायचं, हे आमचं जूनमध्येच ठरलं. आता डिसेंबर उजाडलाय, ठरणं चालूच आहे. एकाने सायकल घेतलीसुद्धा: 29 इंची चाकं, सस्पेन्शन, डिस्क ब्रेक. सध्या बाल्कनीत तिच्यावर टॉवेल वाळतात. (लवकर वाळतात म्हणे.) तंबूची तालीम दिवाणखान्यात झाली. एक दांडी उरली. ती कशाची, यावर दोन दिवस खल.

मग कुणीतरी आठवण करून दिली, की हे जंगल 1985 पासून अभयारण्य आहे, शेकरूचं घर. वाटेल तिथे तंबू ठोकता येत नाही. नियमांच्या नावाने बोटं मोडत सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आता मुक्काम खोलीत, गरम पाण्यासकट.

परवा जागा बघायला घोडेगावमार्गे गाडीने निघालो, सायकल टपावर बांधून. घाटात एक दूधवाला भेटला. काळी सायकल, दोन बाजूंना किटल्या, पायात स्लीपर, गिअर एकही नाही. आम्हाला वाट द्यायला थांबला. टपाकडे नीट बघून म्हणाला, "दुरुस्तीला नेताय का?"