उस्ताद, झाकणावरचं वाचा

उस्ताद,

तोंडावर सांगायचं ते मी तुमच्या काउंटरवर हिंदीत सांगून झालं. तेव्हा तुम्ही मोबाइलमधून मान वर केली नाहीत. म्हणून आता लिहितोय, आणि मराठीत लिहितोय. तुमच्यासारखी बॅटरी चार्जिंगची दुकानं लखनौत आहेत तशी नागपुरात आहेत, नाशकात आहेत, कोल्हापुरातही आहेत. तिथल्या गिऱ्हाइकाने तुम्हाला लांबूनच ओळखावं, एवढी माझी इच्छा आहे.

आईच्या आजारपणामुळे सहा आठवडे मी साताऱ्याला होतो. जानेवारीत परत आलो तेव्हा लखनौवर धुकं बसलेलं, आणि माझी साडेतीनशे सीसीची गाडी बटण दाबल्यावर नुसती टकटक करत होती. तिला किक नाही. बॅटरी काढून मीटर लावला तर 12.1 व्होल्ट. भरलेली बॅटरी स्वस्थ पडून असताना 12.7-12.8 दाखवते, म्हणजे ही निम्म्याच्या आसपास उतरली होती. मेलेली मुळीच नव्हती. तिला रात्रभर सावकाश चार्जिंग हवं होतं. माझ्याकडे चार्जर नव्हता, म्हणून ती पिशवीत घालून तुमच्याकडे आणली.

तुम्ही म्हणालात, "दो घंटे में फुल." आणि ती उचलून ई-रिक्षांच्या बॅटऱ्यांच्या रांगेत शेवटी ठेवलीत, एकीची तार दुसरीला जोडून केलेल्या त्या साखळीत.

हाच तुमचा गुन्हा, उस्ताद. साखळीत प्रत्येक बॅटरीतून तेवढाच करंट जातो. लहान कोण, मोठी कोण हे साखळीला कळत नाही. ते कळणारा माणूस तिथे एकच होता, आणि तो तुम्ही होता. तुमच्या चार्जरचा काटा 10 अँपिअरवर होता. रिक्षाच्या शंभर-सव्वाशे अँपिअर-तासांच्या बॅटरीला 10 म्हणजे अगदी बेताचं. माझी बॅटरी 8 अँपिअर-तासांची. तिच्यात उणे होते जेमतेम 4. दोन तासांत तुम्ही 20 ओतलेत. उरलेले सोळा कुठे गेले असतील? पाणी फोडण्यात गेले, वायू करण्यात गेले, प्लेटा भाजण्यात गेले. सीलबंद बॅटरीत या वायूचं पुन्हा पाणी व्हायची सोय असते, पण थोड्या वायूपुरती. त्यापलीकडे झडप उघडते आणि पाणी बाहेर जातं ते कायमचं. टोपणं नसल्याने वरून घालताही येत नाही. संध्याकाळी ती माझ्या हातात आली तेव्हा दोन्ही बाजू फुगलेल्या होत्या आणि हाताला चटका बसत होता. वर तुम्ही म्हणालात, "माल ही कमज़ोर है," आणि नव्या बॅटरीचा भाव सांगितलात.

माल कमजोर नव्हता. त्याच्या झाकणावर ठळक छापलं होतं: 12 व्होल्ट, 8 अँपिअर-तास, चार्जिंग 0.8 अँपिअर, 5 ते 10 तास. तुमच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर. क्षमतेचा दहावा हिस्सा करंट, हा नियम तुमच्या धंद्यात शिकाऊ पोराला पहिल्या आठवड्यात शिकवतात. तो तुम्हाला येत होता. मोटारसायकलच्या डब्यासाठी काटा फिरवण्याचे कष्ट तुम्हाला नको होते.

तुमची सवय कुठून आली तेही मला कळतं, म्हणून राग जास्त आहे. याच शहरात 1972 साली स्कूटर्स इंडिया उभी राहिली, इटलीच्या लॅम्ब्रेटाची यंत्रसामग्री कानपूर रोडवर आली, विजय सुपर आणि विक्रम इथे बनल्या. त्या काळच्या स्कूटरची बॅटरी मेली तर हॉर्न मुका होई, पण किक मारून माणूस घरी पोचे. बॅटरीशी केलेली हेळसांड तेव्हा खपून गेली. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं. आता पेट्रोलचा पंप, इंजेक्टर, त्यांना हुकूम सोडणारा संगणक, सगळे बॅटरीच्या जिवावर चालतात. गिऱ्हाइकाची गाडी बदलली, तुमचा हात बदलला नाही.

शिवाय करंट बरोबर ठेवला तरी काम निम्मंच होतं, कारण कुठे थांबायचं ते व्होल्टेज ठरवतं. मोटारसायकलच्या सीलबंद लेड-ॲसिड बॅटरीला साधारण 14.4 व्होल्टपर्यंत न्यायचं, आणि चार्जर लावूनच ठेवायचा असेल तर मग 13.6च्या आसपास उतरवून ठेवायचं. नव्या छोट्या चार्जरांवर मोटारसायकल आणि मोटार अशी चित्रंच काढलेली असतात. बर्फाच्या फुलाची खूण असेल तर ती थंडीसाठी, 14.7 पर्यंत नेणारी. आमच्या धुक्यातल्या जानेवारीत ती चालेल. मे महिन्यात, लू वाहत असताना आणि पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना, तीच खूण बॅटरी उकळेल. तेव्हा 25 अंशांच्या मानाने सुमारे 0.4 व्होल्ट कमीच हवेत. 'रिपेअर'चं बटण तर सीलबंद बॅटरीला दाबूच नये, कारण ते व्होल्टेज पंधराच्या वर नेतं. आणि बॅटरी गाडीत असताना दाबलं तर गाडीतला संगणकही धोक्यात. लिथियम असेल तर तिचं वेगळं सेटिंग, 14.6ची कडक मर्यादा, आणि रिपेअरचं नावही नको. हे सगळं लक्षात ठेवायला डोकं लागत नाही. झाकण वाचायला लागतं.

तुमच्याकडे मल्टिमीटर होता. खिळ्याला टांगलेला, त्यावर बोटभर धूळ. रांगेशेजारी तुमचा पोरगा विडी ओढत बसला होता. फुगणाऱ्या बॅटऱ्यांतून हायड्रोजन निघतो. हवेत तो 4 टक्के झाला की ठिणगी पुरते. माझी बॅटरी गेली त्याचे पैसे मी सोसेन. त्या पोराचे डोळे गेले तर कोण सोसणार, ते मला तुमच्या तोंडून ऐकायचं आहे.

आणि जी बॅटरी तीन-चार वर्षं चालायची ती एका संध्याकाळी भंगारात गेली की तिच्यातलं शिसं कुठेतरी वितळवावं लागतं. ते परवानगी नसलेल्या भट्टीत गेलं तर तिथल्या लेकरांच्या रक्तात जातं. 2022च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेली बॅटरी नोंदणीकृत वाटेनेच जायला हवी. तुमच्या दारातला तो ढीग कुठल्या वाटेने जातो?

नवी बॅटरी मी दुसरीकडून घेतली, चार्जरही. फुगलेली मात्र भंगारवाल्याला दिली नाही. येत्या सोमवारी ती पिशवीत घालून पुन्हा तुमच्याकडे येतोय. झाकणावरचं छापील मला मोठ्याने वाचून दाखवा, विडी विझवलेल्या त्या पोरासमोर. आणि मग तुमच्या चार्जरचा काटा 0.8 वर आणता येतो का, ते आपण तिघं मिळून बघू.